स्टेशन ते गेट : स्टेडियमबाहेरच्या रस्त्याची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की पुढचा भाग क्रिकेटवर करणार का. करतेय. पण यात क्रिकेट थोडं आणि फुटपाथ जास्त आहे. ट्रेनमध्ये ऐकत असाल तर एकदम योग्य ठिकाणी आहात.

सुरुवात २ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारपासून. महिला वर्ल्ड कपची फायनल, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. आमच्या घरी क्रिकेटची खरी वेडी म्हणजे आई. गेली तीस वर्षं तिने मॅच बघितली ती टीव्हीवर, तीसुद्धा पोळ्या लाटता लाटता. स्टेडियममध्ये एकदाही गेलेली नव्हती. मी तिकीट मिळवलं आणि आम्ही दोघी शहाडहून निघालो. शहाड ते कल्याण, कल्याण ते ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरुळ. प्रवास अगदी मस्त झाला. बायकांच्या डब्यात निळ्या जर्सी, गालावर तिरंगा, आई तर शाळेच्या ट्रिपला निघाल्यासारखी खूश.

नेरुळला उतरलो आणि पाऊस. त्या दिवशी पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली हे तुम्हाला आठवत असेल. स्टेशनपासून स्टेडियम साधारण दीड-दोन किलोमीटर. रिक्षा मिळेना, म्हणून गर्दीबरोबर चालायला लागलो. एका वळणावर फुटपाथवर ओळीने बाइक लावलेल्या होत्या. मग सगळे करतात तेच आम्ही केलं, खाली रस्त्यावर उतरलो. समोरून एक मोठी गाडी, ड्रायव्हर पार्किंग शोधत हळूहळू येत होता, हॉर्न चालूच. आई घाईने बाजूला झाली, पाणी साचलेल्या खड्ड्यात पाय गेला आणि मुरगळला.

हाड वगैरे मोडलं नाही. पाय सुजला, रुमाल बांधला, मॅच बघितली. पण तो पाय पुढे लक्षात ठेवा, कारण आम्ही फायनल शेवटपर्यंत बघू शकलो नाही ते त्याच्यामुळे.

आता प्रश्न असा की ही फायनल नेरुळला होतीच का? मूळ वेळापत्रकात महिला वर्ल्ड कपच्या महत्त्वाच्या मॅचेस बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीसीने त्या तिथून काढून नवी मुंबईला दिल्या. कारण होतं ४ जून २०२५. आदल्या रात्री आरसीबीने पहिल्यांदा आयपीएल जिंकली होती. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीवर सत्कार ठरला आणि साधारण पस्तीस हजार क्षमतेच्या स्टेडियमबाहेर लाखोंची गर्दी लोटली. चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. बहुतेक सगळी आपल्या वयाची किंवा आपल्याहून लहान. आणि ती गेली ती स्टेडियमच्या आत नाही, गेटच्या बाहेर.

नंतर कर्नाटक सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती जॉन मायकल डिकुन्हा आयोगाने सांगितलं की ही जागा एवढ्या मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी सुरक्षित नाही. कारणांमध्ये एक अगदी साधी गोष्ट होती. गेट थेट फुटपाथवर उघडतात, त्यामुळे रांग लावायची तर ती फुटपाथवर किंवा रस्त्यावरच लागते. म्हणजे बघा, एका शहरातल्या फुटपाथमुळे मॅच दुसऱ्या शहरात गेली आणि त्या दुसऱ्या शहरातल्या फुटपाथवर माझ्या आईचा पाय मुरगळला. घरी आल्यावर हे डोक्यातून जाईना. इंजिनिअर माणूस, बग दिसला की लॉग उघडून मागे मागे जाण्याची सवय. तर चला, मागे जाऊ.

लॉगमध्ये पहिली एंट्री सापडली ती १९७४ ची. क्लाइव्ह लॉइडची वेस्ट इंडीज टीम भारतात आली होती. त्या दौऱ्यातली पहिली टेस्ट नोव्हेंबर १९७४ मध्ये बेंगळुरूला झाली, आणि चिन्नास्वामी स्टेडियमचीही ती पहिलीच टेस्ट. व्हिव्ह रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज दोघांनी तिथेच पदार्पण केलं. त्याच दौऱ्यातली शेवटची टेस्ट २३ जानेवारी १९७५ ला मुंबईत सुरू झाली, नव्याकोऱ्या वानखेडे स्टेडियमवर. म्हणजे ही दोन स्टेडियम एकाच दौऱ्याची लेकरं. दोन्ही भर शहरात, दोन्ही रस्त्याला खेटून.

वानखेडे तिथे का आलं याची कथा बऱ्याच जणांना माहीत असते. त्याआधी मुंबईतल्या टेस्ट ब्रेबॉर्नवर व्हायच्या. ब्रेबॉर्न १९३७ चं, चर्चगेटजवळ, भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर. त्याच्याही आधी, डिसेंबर १९३३ मध्ये, भारतातली पहिली टेस्ट बॉम्बे जिमखान्यावर झाली, तात्पुरते मांडव घालून. ब्रेबॉर्न होतं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आणि मॅचेस भरवायची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. तिकिटं कोणाला किती यावरून दोघांची कायम भांडणं. शेवटी असोसिएशनचे प्रमुख आणि तेव्हाचे विधानसभा अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी ठरवलं की आपलं स्वतःचं स्टेडियम बांधायचं. आर्किटेक्ट शशी प्रभू. वर्षभराच्या आसपास वेळात स्टेडियम उभं राहिलं, आणि तेही ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर.

या सगळ्या कहाणीत भांडण कशावरून झालं ते बघा. आतल्या सीट्सवरून. माणूस सीटपर्यंत कसा पोचणार यावरून कोणीच भांडलं नाही. वानखेडेच्या एका बाजूला रेल्वे लाइन, दुसऱ्या बाजूला डी रोडच्या बिल्डिंगी, पुढे मरीन ड्राइव्ह. पार्किंगला जागाच नाही. १९७५ मध्ये ते चाललं, कारण गाड्या होत्या किती जणांकडे? लोक चर्चगेट नाहीतर मरीन लाइन्सला उतरायचे आणि चालत यायचे. आजही तसंच येतात. म्हणून मला तर वाटतं की पार्किंग नसणं हा वानखेडेचा गुणच आहे. डी रोडवर राहणाऱ्यांना तो अर्थातच गुण वाटत नाही, कारण मॅचच्या दिवशी ज्याला गाडी आणायचीच असते तो ती त्यांच्या दारात लावायला बघतो.

त्या पहिल्या टेस्टमध्ये गोंधळही झाला होता. लॉइडच्या डबल सेंच्युरीनंतर एक प्रेक्षक त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला झोडपलं, गर्दी खवळली आणि खेळ थांबवावा लागला. त्यामुळे गर्दी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आतली गर्दी येते. जाळ्या, लाठ्या, बॅरिकेड, सगळं आत.

याच सुमारास ब्रिटनमध्ये काय चाललं होतं ते सांगते, कारण तिथे वेगळा धडा शिकावा लागला होता. २ जानेवारी १९७१, ग्लासगोचं आयब्रॉक्स स्टेडियम, रेंजर्स विरुद्ध सेल्टिक. मॅच संपली, लोक घरी निघाले. तेरा नंबरच्या जिन्यावर रेटारेटी झाली आणि ६६ माणसं मेली. तोच जिना का? कारण तिथून भुयारी रेल्वेचं स्टेशन सगळ्यात जवळ पडायचं! घरी जाण्याची घाई असलेला प्रत्येक माणूस तोच जिना पकडायचा. आणि वाईट गोष्ट म्हणजे त्याच जिन्यावर १९६१ मध्येही दोघं गेले होते, मधल्या वर्षांत अनेक जखमी झाले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट झाला होता, प्रायॉरिटी कोणी दिली नव्हती.

कल्याण-कसारा लाइनवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. प्लॅटफॉर्मवर गाडी लागली की जिन्याचं काय होतं हे आपण रोज बघतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला, तिथे तर ना मॅच होती ना मिरवणूक. सकाळी कामाला निघालेली माणसं होती ती.

आयब्रॉक्सनंतर चौकशी झाली, १९७३ मध्ये स्टेडियम सुरक्षेची मार्गदर्शक पुस्तिका निघाली, जिला तिकडे ग्रीन गाइड म्हणतात, आणि १९७५ मध्ये कायदा आला. हो, तेच १९७५, वानखेडेच्या पहिल्या टेस्टचं वर्ष. तरी त्यांनाही सगळं एकदम कळलं नाही. १९८९ ला हिल्सबरोची दुर्घटना झालीच, आणि तिचं मूळसुद्धा गेटबाहेर तुंबलेल्या गर्दीत होतं. शेवटी २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत ग्रीन गाइडने एक नवीन शब्द आणला, ‘झोन एक्स’. म्हणजे स्टेडियमच्या शेवटच्या गेटपासून स्टेशन, बसस्टॉप आणि पार्किंगपर्यंतचा सार्वजनिक रस्ता. हा तुकडा स्टेडियमच्या मालकीचा नसतो, पण तिथे काय होईल याचा विचार आधीच करायचा. पालिका, पोलीस, रेल्वे, स्टेडियम, सगळ्यांनी एका टेबलावर बसून. पहिल्या पुस्तिकेपासून या शब्दापर्यंत यायला त्यांना ४५ वर्षं लागली.

आपल्याकडे त्या तुकड्याला नाव नाही. बांधकामाच्या नियमावलीत इतक्या सीटमागे इतक्या गाड्यांची जागा असं कोष्टक असतं. पण नियमावली प्लॉटच्या कंपाउंडपर्यंत. कंपाउंडबाहेर पाऊल टाकलं की माणूस हिशोबातून गायब.

आता परत नेरुळला येऊ. डी. वाय. पाटील स्टेडियम मार्च २००८ चं. त्याच वर्षी १ जूनला पहिल्यावहिल्या आयपीएलची फायनल तिथे झाली. आजूबाजूचे सेक्टर त्याच्या कितीतरी आधीचे. नेरुळला रेल्वे आली ती नव्वदच्या दशकात आणि ठाण्याहून थेट गाडी २००४ मध्ये, म्हणून तर आपण शहाडवाले इतक्या सहज पोचतो. सेक्टर आखले तेव्हा रोजच्या माणसांचा हिशोब होता. एका संध्याकाळी पन्नास हजार पाहुणे येतील असं कोणाच्या नकाशात असणार?

माझा कॉलेजचा एक मित्र तिथेच, स्टेडियमजवळच्या एका गल्लीत राहतो. फायनलनंतर त्याला फोन केला, जरा तावातावानेच. म्हटलं, काय रे तुमचा एरिया, चालायला जागा नाही. तो हसला. म्हणाला, “अगं, मॅचच्या दिवशी आम्ही गाडी काढतच नाही. काढली की परत जागा गेली. सोसायटीच्या गेटसमोर कोणीतरी लावून जातं, काचेवर नंबरही नसतो. मागे आजोबांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, गेट अडवलेलं. चौघांनी मिळून ती गाडी ढकलली.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि फुटपाथवरच्या बाइक तुला दिसल्या ना, त्यातल्या निम्म्या आमच्याच लोकांच्या असतात. खाली लावली तर पाहुणे जागा घेतात, म्हणून वर चढवून ठेवतात.”

ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी गर्दीतून चालणारी, तो घरात अडकलेला, आणि तो ड्रायव्हर जागा शोधून वैतागलेला. तिघं एकमेकांवर चिडलेले. कदाचित त्या ड्रायव्हरकडेही कारण असेल, कारण मॅच मध्यरात्री संपली तर घरी जायला गाडी मिळेल याची खात्री कोणाला असते?

मग म्हटलं, जरा गणित करून बघू. ग्रीन गाइड सांगतं की सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं सुरक्षित जातात. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत राहत्या भागातला फुटपाथ निदान १.८ मीटर मोकळा हवा असं म्हटलंय. म्हणजे मिनिटाला साधारण १४८ माणसं. त्या रात्री स्टेडियममध्ये जवळपास ४० हजार लोक होते. समजा त्यातले निम्मे स्टेशनकडे निघाले, हा माझा अंदाज हं, तर २० हजार माणसांना अशा एका फुटपाथवरून जायला सव्वादोन तास लागतात. आता त्यातला एक मीटर बाइकने खाल्ला असं धरा. उरले ८० सेंटिमीटर. पाच तास! अर्थात पाच तास कोणी थांबत नाही. माणसं रस्त्यावर उतरतात, गाड्या अडकतात, गाड्या अडकल्या की हॉर्न, हॉर्न वाजला की धक्काबुक्की. रिक्षा, ॲम्ब्युलन्स, सगळं त्यातच.

कोणी म्हणेल, मग मोठं पार्किंग बांधा, प्रश्न मिटला. त्यासाठी गहुंजेला जाऊन या. २०१२ साली पुण्याबाहेर, एक्स्प्रेसवेच्या शेजारी, मोकळ्या माळावर स्टेडियम उभं राहिलं. जागाच जागा. पण गेटसमोर स्टेशन नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येक माणूस गाडीने येतो आणि मॅच संपल्यावर प्रत्येक गाडी एकाच वेळी बाहेर पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत-बांगलादेश मॅचला गेलेल्या माझ्या ऑफिसमधल्या लोकांना विचारा, कोहलीची सेंच्युरी आधी सांगतील की पार्किंगमधून बाहेर पडायला लागलेला वेळ! पार्किंग वाढवलं की गाड्या वाढतात. चालणाऱ्याचा रस्ता त्याने रुंद होत नाही.

मला पटतं ते उलटं. गाड्या लांबच थांबवा आणि स्टेशन ते गेट हा एक रस्ता त्या काही तासांसाठी फक्त पायी माणसांना द्या. पूर्ण रस्ता, फुटपाथ नव्हे. दहा मीटर रस्त्यावर तेच २० हजार लोक पंचवीस मिनिटांत पार होतात. रहिवाशांना पास द्या, ॲम्ब्युलन्ससाठी दुसरी गल्ली मोकळी ठेवा. यात नवीन काहीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या शोसाठी गोरेगावहून नेरुळला खास लोकल सोडली होती. इच्छा असली की जमतं. तिकीट महाग असेल तर जास्त लवकर जमतं, असं एक आपलं उगाच वाटून जातं.

आणि आपल्या शहाडला तरी हे कुठे नवीन आहे? आषाढी एकादशीला बिर्ला मंदिराकडे स्टेशनपासून माणसांची रीघ लागते. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळे. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा आहे हे कोणाला सांगावं लागत नाही, रिक्षावालासुद्धा मुकाट्याने लांबून वळतो. देवाला जाणाऱ्याला जो मान मिळतो तो मॅचला जाणाऱ्याला नाही, एवढाच फरक.

कायद्याचं म्हणाल तर १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, आणि राज्यांनी त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करावीत. तीन आठवड्यांनी चिन्नास्वामीच्या बाहेर ती ११ माणसं गेली. आपल्याकडेही ४ जुलै २०२४ आठवा, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची मिरवणूक, नरिमन पॉइंट ते वानखेडे. मरीन ड्राइव्हवर मुंगीला जागा नव्हती. काही जण जखमी झाले, काहींना गुदमरलं, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग. समुद्राच्या बाजूला तेवढी मोकळी जागा नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

असो. त्या रात्रीचं राहिलंच. पावणेअकराच्या सुमारास आईचा पाय चांगलाच सुजला होता. वोल्वार्ड्ट अजून खेळत होती, मॅच कुठेही जाऊ शकत होती. पण मी हिशोब केला, मॅच संपल्यावर सगळे एकदम निघणार, त्या गर्दीत आईला घेऊन रस्त्यावरून चालायचं, आणि ठाण्याची गाडी चुकली की पुढे कल्याण, शहाड, सगळंच कोसळणार. आईला म्हटलं, “निघूया का?” ती काही बोलली नाही, पर्स उचलली. रस्ता तेव्हा रिकामा होता. लंगडत लंगडत पाऊण तास लागला. मागून दोनदा मोठा आवाज आला, आणि दोन्ही वेळा ती थांबून विचारत राहिली, “विकेट का गं?”

ठाण्याच्या गाडीत एका मुलीने फोन उभा धरला होता आणि निम्मा डबा त्याच्यावर वाकलेला. अमनज्योतने वोल्वार्ड्टचा तो झेल तिसऱ्या प्रयत्नात धरला तेव्हा आईने शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट पकडला. भारत ५२ रन्सनी जिंकला ते आम्हाला कळलं ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर. शहाडला उतरलो तेव्हा कोणीतरी फटाके लावत होतं. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, “पुढच्या वेळी मी पट्टा बांधून येईन. पण शेवटची ओव्हर बघितल्याशिवाय उठणार नाही.”

तुमच्या इथल्या स्टेडियमपासून स्टेशनपर्यंत एकदा चालून बघा, मॅच नसलेल्या दिवशी, आणि फुटपाथ कुठे कुठे संपतो ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. त्या ऐकून पुढचा भाग ठरवते.